हार्ड डिस्क बंद पडली? जुना बोर्ड फेकू नका!

संगणकाचा दुसरा कोणताही भाग बिघडला तर तो नवा आणून बसवता येतो. मॉनिटर गेला, कीबोर्ड गेला, पॉवर सप्लाय जळला, तरी प्रश्न शेवटी पैशांचाच असतो. हार्ड डिस्कचे तसे नाही. डिस्क नवी मिळते. पण तिच्यावरची बारशाची छायाचित्रे, दुकानाचे टॅलीतील पाच वर्षांचे हिशेब किंवा अर्धा लिहून झालेला प्रबंध कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. त्यामुळे डिस्क एकाएकी निपचित पडली की माणूस मिळेल त्या सल्ल्याकडे वळतो. या सल्ल्यांत एक हमखास असतो: ‘त्याच मॉडेलची दुसरी डिस्क आणा, तिचा बोर्ड काढून हिला लावा, की झाले काम!’

हा सल्ला निराधार नाही. एके काळी तो बहुतांशी बरोबरच होता. आज मात्र तो अर्धाच बरोबर आहे आणि उरलेला अर्धा भाग ठाऊक नसल्यास वाचू शकणारी माहितीही हातची जाऊ शकते. म्हणूनच हा बोर्ड नेमके काय करतो, तो बदलून काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एका खोक्यात दोन यंत्रे

हार्ड डिस्क म्हणजे प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या यंत्रांची जोडी आहे. पहिले यंत्र धातूच्या बंद पेटीत असते. तिच्यात चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या, त्या फिरवणारी मोटर आणि तबकड्यांवरून सरकणारे वाचन-लेखन हेड असतात. घरगुती संगणकातील तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. हेड तबकडीला टेकत नाही. फिरण्यामुळे तयार होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत राहते. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. साधा धुळीचा कणही येथे दगडासारखा घातक ठरतो तो यामुळेच.

दुसरे यंत्र पेटीच्या खालच्या बाजूला स्क्रूंनी बसवलेले असते. तो म्हणजे हिरवा किंवा निळा सर्किट बोर्ड. तंत्रज्ञांच्या भाषेत ‘पीसीबी’. त्यावर सर्व कारभार पाहणारी मुख्य कंट्रोलर चिप, मोटर फिरवणारी चिप, तात्पुरत्या साठवणीची मेमरी आणि बहुधा आठ पायांची एक छोटी रॉम चिप असते. संगणकाकडून येणारी वीज आणि आज्ञा प्रथम या बोर्डावर येतात आणि तेथून स्प्रिंगसारख्या संपर्कबिंदूंमार्फत पेटीतील मोटरकडे व हेडकडे जातात.

माहिती तबकड्यांवर असते, बोर्डावर नाही. बोर्ड जळाला तरी तबकड्यांवरचे अक्षरही हललेले नसते. बोर्ड बदलण्याच्या कल्पनेचा सारा आधार हाच आहे.

फुजित्सूच्या डिस्कचा धडा

केवळ बोर्डावरच्या एका चिपमुळे डिस्क कशा मरतात, याचे गाजलेले उदाहरण म्हणजे फुजित्सू कंपनीची ‘एमपीजी’ मालिका. २००० च्या सुमारास बाजारात आलेल्या, सुमारे १० ते ४० गिगाबाइट क्षमतेच्या या डिस्क जगभर अनेक संगणकांत बसवलेल्या होत्या. काही महिने व्यवस्थित चालल्यानंतर त्यांतील अनेक डिस्क अचानक ओळखेनाशा झाल्या. तबकड्या शाबूत होत्या, हेड शाबूत होते. दोष निघाला तो बोर्डावरील सिरस लॉजिक कंपनीच्या चिपमध्ये.

चिपभोवतीच्या काळ्या आवरणाने पेट घेऊ नये म्हणून त्याच्या मिश्रणात एक अग्निरोधक पदार्थ घालतात. पूर्वी त्यासाठी ब्रोमिनची संयुगे वापरली जात. पर्यावरणाच्या कारणास्तव त्यांना पर्याय शोधला जात असताना सुमितोमो बेकलाइट या जपानी कंपनीच्या मिश्रणात तांबडा फॉस्फरस वापरला गेला. उष्णता आणि दमटपणा यांच्या संयोगाने या फॉस्फरसपासून आम्ल तयार होई, चिपच्या पायांचा धातू त्यामुळे झिजे आणि दोन पायांमध्ये वीज वाहण्याजोगी वाट तयार होऊन शॉर्ट सर्किट होई. पुढे या प्रकरणात कंपन्या परस्परांविरुद्ध न्यायालयात गेल्या. अमेरिकेत ग्राहकांनीही सामूहिक दावा दाखल केला.

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक म्हणजे, पूर्णपणे ‘मेलेल्या’ डिस्कवरील माहितीही सुरक्षित असू शकते. दुसरी म्हणजे, त्याच मालिकेतील दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावणे म्हणजे तोच दोष पुन्हा लावून घेणे ठरू शकते. अशा बोर्डाने डिस्क सुरू झालीच, तर आधी सारी माहिती उतरवून घ्यायची, ती डिस्क पुन्हा रोजच्या वापरात आणायची नाही, हा नियम तेव्हापासून आजतागायत लागू आहे.

एकसारखे दिसणारे बोर्ड वेगळे का?

जुन्या डिस्कमध्ये माहितीची दाटी कमी होती. एकाच मॉडेलच्या दोन डिस्क जवळपास एकसारख्या वागत आणि एकीचा बोर्ड दुसरीला सहसा चालून जाई. दाटी वाढत गेली तसे हे चित्र बदलले. हेड इतके सूक्ष्म झाले, की एकाच कारखान्यात, एकाच दिवशी बनलेले दोन हेडही तंतोतंत सारखे निघत नाहीत. एखाद्याला वाचताना थोडा अधिक विद्युतप्रवाह लागतो, एखाद्याला कमी. हेडमधील वाचणारा भाग आणि लिहिणारा भाग यांच्यात किंचित अंतर असते आणि तेही प्रत्येक हेडमध्ये वेगळे असते.

त्यामुळे प्रत्येक डिस्क कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी तिची स्वतंत्र चाचणी होते आणि तिच्या हेडना मानवतील अशी मूल्ये ठरवून ती साठवून ठेवली जातात. चष्म्याच्या नंबराशी याची तुलना करता येईल. दोन चष्म्यांच्या फ्रेम हुबेहूब सारख्या असल्या, तरी शेजाऱ्याच्या चष्म्याने आपल्याला वाचता येत नाही. डिस्कच्या या ‘नंबरा’चा एक भाग तबकडीवरच्या राखीव जागेत असतो, पण त्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारी पहिली मूल्ये बोर्डावरील रॉम चिपमध्ये असतात.

दुसऱ्या डिस्कचा बोर्ड जसाच्या तसा लावला, तर नेमकी हीच मूल्ये चुकीची मिळतात. मोटर फिरते, पण हेडना राखीव जागा वाचता येत नाही. काही वेळा ते मागे-पुढे आपटत ‘टक-टक’ आवाज करू लागतात. ग्राहक घाबरतो, दुकानदार ‘डिस्क आतून गेली’ असे सांगून मोकळा होतो आणि दुरुस्त होऊ शकणारी डिस्क कचऱ्यात जाते. खरी शोकांतिका अशी, की तिच्याबरोबर जुना बोर्डही फेकला जातो. कुलूप शाबूत असते. पण त्याची एकमेव किल्ली त्या जळालेल्या बोर्डावरच्या चिपमध्ये असते.

दोष बोर्डातच आहे का?

बोर्डाला हात लावण्यापूर्वी दोष तेथेच आहे याची खात्री करणे महत्त्वाचे आहे. त्यासाठी पुढील क्रमाने तपासणी करावी.

प्रथम केबल आणि वीजपुरवठा बदलून पाहावा. बाहेरून जोडायच्या डिस्कमध्ये यूएसबीचे रूपांतर करणारा वेगळा छोटा बोर्ड अनेकदा असतो आणि पुष्कळ वेळा डिस्कऐवजी तोच बिघडलेला असतो. साडेतीन इंची डिस्क खोक्यातून काढून थेट संगणकाला जोडल्यावर ती चालू लागल्याची उदाहरणे नेहमीची आहेत. तशी काढलेली डिस्क फिरतच नसेल, तरी घाई करू नये. अलीकडच्या काही डिस्क सेटा वीजजोडणीतील ३.३ व्होल्टच्या पिनवर दाब मिळाल्यास मुद्दाम बंद राहतात. जुन्या पॉवर सप्लायवर त्या उगाच मृत भासतात.

त्यानंतर आवाज ऐकावा. वीज दिल्यावर कसलाही आवाज नाही, हाताला कंप जाणवत नाही, बोर्डावरची एखादी चिप चटका बसेल इतकी तापते, जळल्याचा वास येतो किंवा चिपवर फोड दिसतो, ही बोर्ड गेल्याची लक्षणे आहेत. डिस्क फिरते आणि टक-टक आवाज करते, तेव्हा बहुधा हेडचा दोष असतो. बारीक ‘बीप’सारखा आवाज येऊन मोटर फिरत नसेल, तर हेड तबकडीला चिकटले असण्याची किंवा मोटर जाम झाली असण्याची शक्यता असते. या दोन्ही प्रसंगी बोर्ड बदलून उपयोग नाही. वारंवार वीज देत राहिल्यास तबकडीवर ओरखडे उठून माहिती कायमची नष्ट होऊ शकते.

डिस्क हातून पडल्यानंतर बंद झाली असेल, तर संशय पेटीच्या आतल्या भागांवर धरावा. विजेचा दाब वाढल्यावर किंवा चुकीचा अॅडाप्टर लावल्यावर बंद झाली असेल, तर बोर्डावर.

चुकीचा अॅडाप्टर आणि छोटा पहारेकरी

चुकीच्या अॅडाप्टरचा हा प्रकार घरोघरी घडतो. साडेतीन इंची बाह्य डिस्कला १२ व्होल्ट लागतात. लॅपटॉपचा अॅडाप्टर बहुधा १९ व्होल्टच्या आसपास असतो आणि त्याची पिन कधी कधी डिस्कच्या खाचेत सहज बसते. पिन बसली म्हणजे अॅडाप्टर जुळला, असे होत नाही. पुढे एका क्षणात डिस्क शांत होते.

असे घडेल हे धरूनच बोर्डावर एक-दोन संरक्षक डायोड बसवलेले असतात. त्यांना ‘टीव्हीएस डायोड’ म्हणतात. एक ५ व्होल्टच्या आणि दुसरा १२ व्होल्टच्या मार्गावर असतो. अडीच इंची डिस्कला केवळ ५ व्होल्ट पुरतात. दाब मर्यादेपलीकडे गेला की हा डायोड ती वीज स्वतःकडे वळवतो आणि पुष्कळदा स्वतः कायमचा शॉर्ट होऊन पुढच्या चिप वाचवतो. याची खूण मोठी मजेशीर असते. ती डिस्क जोडली की सगळा संगणकच सुरू होत नाही आणि काढली की लगेच सुरू होतो. कारण शॉर्ट लागताच पॉवर सप्लाय स्वतःला बंद करून घेतो.

जाणकार तंत्रज्ञ मल्टिमीटरने हा डायोड तपासतो. दोन्ही दिशांनी रोध जवळपास शून्य आला, तर तो गेलेला असतो. तो काढून टाकल्यास डिस्क बरेचदा सुरू होते. बोर्ड बदलण्याची वेळच येत नाही. मात्र आता तेथे पहारेकरी उरलेला नसतो. त्यामुळे खात्रीच्या पॉवर सप्लायवरच डिस्क चालवून माहिती उतरवून घ्यावी.

आणखी एक साधे कारण आपल्या किनारी भागातील दमट हवेत विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. बोर्डाच्या आतल्या बाजूला हेडच्या जोडणीसाठी असलेले धातूचे संपर्कबिंदू कालांतराने काळे पडतात. बोर्ड सोडवून हे बिंदू साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासले आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, तर काही डिस्क पुन्हा नीट चालू लागतात.

अदलाबदल कशी होते?

या उपायांनी काम झाले नाही आणि दोष बोर्डातच आहे असे ठरले, तर जुळणारा बोर्ड शोधावा लागतो. येथे डिस्कच्या लेबलावरचे मॉडेल पुरेसे नसते. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे बोर्ड वापरलेले असतात. बोर्डावरच छापलेला क्रमांक जुळायला हवा. सीगेटच्या बोर्डांवरील हा क्रमांक सहसा १०० पासून, तर वेस्टर्न डिजिटलच्या बोर्डांवरील २०६० पासून सुरू होतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली अशा बाजारांत जाताना जुना बोर्ड किंवा त्याचे स्पष्ट छायाचित्र सोबत न्यावे.

बोर्ड सोडवायला चांदणीच्या आकाराचे डोके असलेला टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर लागतो. बहुधा टी-६ किंवा टी-८ मापाचा. शरीरावरील स्थिर वीज चिपला मारक ठरते, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून काम करतात. स्क्रू काढले की बोर्ड अलगद उचलला जातो; त्याखालचा फोमचा तुकडा जपून ठेवायचा असतो. येथपर्यंतचे काम अवघड नाही.

पुढचे काम मात्र कसबाचे आहे. जुन्या बोर्डावरील आठ पायांची रॉम चिप गरम हवेच्या यंत्राने सोडवून नव्या बोर्डावर त्याच जागी, त्याच दिशेने डाग देऊन बसवावी लागते. काही तंत्रज्ञ चिप न हलवता प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने तिच्यातील मजकूर वाचून नव्या बोर्डावरील चिपमध्ये लिहितात. ही पद्धत अधिक सुरक्षित आहे, कारण मूळ मजकुराची एक प्रत हाती राहते. काही बोर्डांवर वेगळी रॉम चिप नसतेच. तो मजकूर मुख्य कंट्रोलरच्या पोटात असतो. तेव्हा ती मोठी चिप हलवावी लागते किंवा खास उपकरणांची मदत घ्यावी लागते. अशा बोर्डावर घरी हात चालवू नये.

जेथे बोर्ड बदलून भागत नाही

या उपायाच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. २००८ च्या अखेरीस सीगेटच्या ‘बाराकुडा ७२००.११’ मालिकेतील अनेक डिस्क सुरू होताना ओळखेनाशा झाल्या. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने हा दोष मान्य करून नवे फर्मवेअर विनामूल्य उपलब्ध करून दिले. दोष बोर्डाच्या विद्युत भागांत नव्हता, डिस्क चालवणाऱ्या अंतर्गत प्रणालीत होता. नवा बोर्ड लावूनही ती डिस्क तशीच अडून राहिली असती.

दुसरी मर्यादा कूटबद्धतेची. काही बाह्य डिस्कमध्ये माहिती तबकडीवर जाण्यापूर्वीच बोर्डावरील चिप तिचे कूट रूपांतर करते, मग आपण पासवर्ड ठेवलेला असो वा नसो. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय पासपोर्ट’ प्रकारातील अनेक डिस्क अशा आहेत. शिवाय त्यांतील पुष्कळांच्या मुख्य बोर्डावरच यूएसबीची खाच असते. अशी डिस्क साध्या सेटा बोर्डाने फिरू लागली, तरी हाती येतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग; तो उलगडण्यासाठी वेगळे तंत्र लागते.

तिसरी मर्यादा नव्या काळाची. लॅपटॉपमध्ये आता सर्रास दिसणाऱ्या एसएसडीत तबकड्या नसतात. माहिती साठवणाऱ्या चिप आणि कंट्रोलर एकाच बोर्डावर असतात. तेथे बोर्ड बदलणे म्हणजे माहितीच काढून टाकणे होय.

दुकानात देण्यापूर्वी

माहिती खरोखर मोलाची असेल, तर प्रयोगाचा मोह टाळून माहिती पुनर्प्राप्तीचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे जाणे श्रेयस्कर. पेटीचे झाकण कोणत्याही परिस्थितीत घरी किंवा दुकानाच्या टेबलावर उघडू देऊ नये. त्यासाठी धूलिविरहित कक्ष लागतो. डिस्क देताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. रॉम चिप हलवणार का? मूळ बोर्ड परत मिळेल का? काम झाले नाही तर शुल्क किती? मिळालेल्या माहितीची प्रत दुकानात राहणार नाही, याची लेखी हमी देणार का? पहिल्याच प्रश्नावर जो तंत्रज्ञ गोंधळतो, त्याच्याकडून डिस्क परत घेतलेली बरी.

हमीच्या मुदतीतील डिस्क कंपनी सहसा बदलून देते. मात्र ती डिस्कची हमी असते, माहितीची नव्हे. शिवाय आपण बोर्ड उघडला असल्यास ती हमी नाकारली जाण्याची शक्यता असते. डिस्क महत्त्वाची की माहिती, हे त्या वेळी ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

या सर्व खटाटोपातून सुटण्याचा मार्ग अर्थातच जुना आहे आणि सोपाही. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम सांगतो, की माहितीच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतली १ घराबाहेर असावी. दुसरी डिस्क, इंटरनेटवरील साठवण किंवा गावाकडच्या भावाच्या कपाटात ठेवलेली एखादी प्रत, काहीही चालेल. एका चांगल्या बाह्य डिस्कची किंमत बहुधा पुनर्प्राप्तीच्या शुल्कापेक्षा कमीच असते.

तोवर आपली एखादी डिस्क अचानक गप्प झालीच, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: तिला पुन्हा पुन्हा वीज देऊ नये, तिचे झाकण उघडू नये आणि जुना बोर्ड, तो कितीही काळवंडलेला असला तरी, नीट कागदात गुंडाळून डिस्कबरोबरच ठेवावा.